हजेरीपायी नोकरी जाते, त्याचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जेलमधून सुटून देखरेखीखाली राहणाऱ्यांच्या हजेरीबद्दल लिहायचंय, माझा धाकटा भाऊ असाच सुटलाय म्हणून हे जवळून बघितलं. लोकांना वाटतं सुटला म्हणजे मोकळा झाला, पण तसं नसतं हो, ठरलेल्या तारखेला ऑफिसरसमोर जाऊन सही करायची, घर बदललं की कळवायचं, काम बदललं की कळवायचं, न विचारता हद्दीबाहेर जायचं नाही आणि यातलं काही चुकलं तर नवा गुन्हा केलेला नसला तरी परत आत जायची वेळ येऊ शकते.

हजेरीच नको असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीला भावाला तिचा आधारच वाटला, कोणी विचारणारं असलं की माणूस सावरून राहतो. पण वेळ सकाळी अकराची, तीही कामाच्या दिवशी, दोन-दोन तास बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर "सगळं ठीक ना?" एवढंच, की झाली सही. मालकाने दोनदा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा कामावरून काढलं. आणि नोकरी टिकवायची हीसुद्धा सुटकेच्या त्याच कागदावरची अट आहे!

एकदा हजेरीच्याच दिवशी आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, भावाने तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही, चार दिवसांनी नोटीस आली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक हजेरी वहीत लिहितो, फोन केला की पाठोपाठ मेसेजही टाकतो. ज्यांच्या घरी कोणी नुकतंच सुटून आलंय त्यांनी हे पहिल्या दिवसापासून कराच.

तुरुंगाबाहेरच्या शिक्षा आणि देखरेखीबद्दल संयुक्त राष्ट्रांचे १९९० चे टोकियो नियम आहेत, त्यात लिहिलंय की अटी व्यवहार्य, नेमक्या आणि शक्य तितक्या कमी ठेवाव्यात आणि अट मोडली म्हणून आपोआप तुरुंगात धाडू नये. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, त्यात पॅरोलवरच्या (म्हणजे तिथे तुरुंगातून सुटून देखरेखीखाली असलेल्या) माणसाने ३० दिवस अटी पाळल्या की देखरेखीचे ३० दिवस कमी होतात. मग संध्याकाळची हजेरी ठेवणं किंवा ज्यांच्यापासून धोका कमी आहे त्यांची फोनवर घेणं एवढं अवघड आहे का? निदान चुकली तर नोटीस काढायच्या आधी कारण तरी विचारा.

भावाने आता रात्रपाळी धरलीये, फक्त सकाळ मोकळी राहावी म्हणून. रात्रभर काम करून न झोपता तो त्या बाकावर जाऊन बसतो.

- एक वाचक