बाबा, तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रागावू नका, आधी पूर्ण वाचा. पुढच्या महिन्याची तिकिटं काढलीत, दोन्ही लोअर बर्थ. बाबांच्या सोरायसिससाठी ठाण्यात त्वचेच्या डॉक्टरांची वेळही घेतलीय. विचारलं असतं तर ‘पावसाळ्यानंतर बघू’ म्हणाला असतात, आणि आईने मान डोलावली असती.

बाबा, झाडपाल्याशी माझं भांडण नाही. करंजेलाच्या वासातच मी वाढले. गोव्यात पूर्वी ‘गोवा पावडर’ मिळायची, ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली पिवळी पूड. गजकर्णाला लावायचे, पुढे सोरायसिसलाही तिचा गुण दिसला. तिच्यातल्या क्रायसरोबिनला पर्याय म्हणून १९१६ साली डिथ्रानॉल हे औषध तयार झालं. आपल्या बावचीतलं सोरॅलेन देऊन वर अतिनील किरण देतात, तेही सोरायसिसवर चालतं. पण सगळं मापात. डिथ्रानॉल जास्त झालं तर कातडी भाजते, बावची लावून उन्हात बसलं तर फोड येतात.

धास्ती आहे ती झाडपाल्याचं म्हणून तुम्ही लावताय त्या मलमाच्या बिनलेबलच्या डबीची. चार दिवसांत लाली गेली म्हणालात, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. जडीबुटीच्या म्हणून विकलेल्या मलमांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. देणारा माणूस भला असेल हो, त्यालाही ते तयारच मिळत असेल. पण परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही बाही खाली ओढलीत ना, त्याआधी मी कोपर पाहिलं. कातडी पातळ होऊन आतल्या शिरा दिसतायत.

इथे उकडा तांदूळ आणून ठेवलाय. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, रेडिओला जागा केलीय. आई, ओटा तुझा, मी लुडबुड करणार नाही.

कांजिण्यांत मी खाजवू नये म्हणून रात्रभर माझे हात धरून बसला होतात, बाबा. आता माझी पाळी.

तोवर कढत पाणी बंद, कोमटच घ्या. वज्रीने घासायचं नाही, खपल्या काढायच्या नाहीत. अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन लावा. टॉवेल वेगळा ठेवू नका, हा आजार लागट नाही. मलम स्टेरॉइडचं असेल तर एकदम थांबवल्यावर उफाळून येतं, म्हणून उद्या फोनवर डॉक्टरांना विचारून सांगते, तोवर मनाने काही करू नका. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा, काही गोळ्यांनीही सोरायसिस वाढतो.

आई, ती डबी तूच पिशवीत घाल. बाबा विसरल्याचं सोंग करतील.

तुमची,
बाय