सदोष व्हिडिओ कॅप्चर संचाची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

दिनांक : 5 फेब्रुवारी 2024
वाई, जि. सातारा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘कॅमकॉर्डर ते डीव्हीडी’ संचातील दोष, खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर आणि रक्कम परत करण्याची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीचा वरील संच, म्हणजे कॅमेऱ्यातले चित्रण संगणकावर उतरवणारे (कॅप्चर करणारे) यूएसबी उपकरण, तीन रंगांची केबल आणि सोबतचे सॉफ्टवेअर, मी गेल्या नोव्हेंबरात 3,490 रुपयांना विकत घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पहिली तक्रार नोंदवून दहा आठवडे झाले. या काळात आपल्याकडून आलेल्या तिन्ही उत्तरांत ‘टेप जुन्या झाल्या असतील’ आणि ‘आपल्या संगणकाचा वेग कमी असेल’ या दोन शक्यतांपलीकडे काहीही नाही. या दोन्ही शक्यता मी तपासून पाहिल्या आहेत. त्यांत तथ्य आढळले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे 2004 ते 2007 या काळात चित्रित केलेल्या नऊ मिनीडीव्ही टेप (घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेट) आहेत. त्यांपैकी एकीवर माझ्या थोरल्या आत्या जात्यावर दळता दळता ओव्या म्हणत आहेत. आत्या आता नाहीत, आणि ते जातेही आता अंगणात उलटे पडलेले आहे. गावाकडे काकूंना रिमोटची तीन बटणे तेवढी येतात, त्यामुळे पेन ड्राइव्हऐवजी डीव्हीडीच करायची, असे घरात ठरले होते.

आपल्या संचातून ही एक तासाची टेप संगणकावर घेतली, तेव्हा सुरुवातीची दहा-बारा मिनिटे चित्र आणि आवाज बरोबर होते. शेवटाकडे मात्र आत्या खुंटा सोडून जात्यात वैरण (मूठभर धान्य) घालायला हात पुढे करतात, दगड थांबलेला स्पष्ट दिसतो, आणि तरीही जात्याची घरघर आणखी दोन सेकंद ऐकू येत राहते. ओवीचे शब्दही ओठांच्या मागून येतात. फाइलचा तपशील दाखवणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल उघडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. तिच्यातील आवाज 3,604 सेकंदांचा आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, असतात, त्या हिशेबाने 90,100 फ्रेम हव्यात. प्रत्यक्षात 90,048 आहेत. कॅप्चर करतानाच 52 फ्रेम गळाल्या, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि त्यामुळे चित्र आवाजाच्या दोन सेकंद पुढे धावले. आपल्या सॉफ्टवेअरने याबद्दल एकदाही सूचना दिली नाही, उलट शेवटी ‘कॅप्चर यशस्वी’ असे हिरव्या अक्षरांत दाखवले.

टेप खराब असल्याची शंका मिटवण्यासाठी मी तीच टेप आणि तोच कॅमेरा घेऊन गावातल्या एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत गेलो. त्यांच्या जुन्या संगणकाला फायरवायर, म्हणजे कॅमेऱ्यातला डिजिटल व्हिडिओ थेट उतरवून घेणारी जोडणी आहे. तिथे सुमारे 13 जीबीची फाइल तयार झाली. तिच्यात एकही फ्रेम गळाली नाही, आणि जाते थांबताच घरघरही थांबली. संगणकाची शंका मिटवण्यासाठी दुसऱ्या बनावटीचे तसेच यूएसबी उपकरण उसने आणून माझ्याच संगणकावर हीच टेप चालवली. तेव्हाही चित्र आणि आवाज तासभर एकत्र राहिले. टेप, कॅमेरा आणि संगणक तेच असताना केवळ आपले उपकरण बाजूला केल्यावर दोष नाहीसा होत असेल, तर तो कुठे आहे हे निराळे सांगायला नको.

दुसरा दोष डीव्हीडी बनवतानाचा आहे. सॉफ्टवेअरने मला न विचारता एनटीएससी ही अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत निवडल्यामुळे पहिल्या दोन डिस्क वाया गेल्या, ते मी माझ्या अननुभवाच्या खात्यात टाकतो. पण पद्धत पाल केल्यानंतरही मुलाच्या शाळेतल्या लेझीमच्या चित्रणात प्रत्येक हात पुढे जाऊन किंचित मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो, जणू सगळा वर्ग थंडीने कापत आहे. संगणकाच्या पडद्यावर हे जाणवत नाही, डिस्क टीव्हीवर लावल्यावरच दिसते. पाल व्हिडिओतील प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते, एकात एकाआड एक ओळी आणि दुसऱ्यात उरलेल्या. दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. आपले उपकरण वरचे फील्ड आधी नोंदवते, तर आपलेच सॉफ्टवेअर डिस्क बनवताना खालचे आधी आहे असे धरते. हा क्रम बदलण्याची सोय मेनूमध्ये कुठेही सापडली नाही. तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन क्रम बदलला आणि डिस्क बनवली, तेव्हा लेझीम सुरळीत दिसली.

आता खोक्याबद्दल. त्यावर मिनीडीव्ही टेपचे मोठे चित्र आहे आणि खाली ‘गुणवत्ता न गमावता संपूर्ण डिजिटल हस्तांतरण’ असे छापले आहे. मिनीडीव्ही टेपवरची नोंद मुळातच डिजिटल असते आणि फायरवायरने ती जशीच्या तशी संगणकावर उतरते. आपल्या उपकरणाला मात्र पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना आहेत. म्हणजे कॅमेरा आधी चित्राचे अ‍ॅनालॉग (आकड्यांऐवजी सलग विद्युत संकेत) करतो आणि आपले उपकरण त्याचे पुन्हा डिजिटल करते. यात गुणवत्ता कमी होणारच. डीव्हीडीसाठी फाइल एमपीईजी-2 या लहान आकाराच्या स्वरूपात दाबताना थोडे नुकसान होते, ते मला मान्य आहे, कारण तासाभराचे 13 जीबी 4.7 जीबीच्या डिस्कवर बसवायचे तर ते टळत नाही. त्याआधीचे नुकसान मात्र खोक्यावर लपवलेले आहे. जुन्या व्हीएचएस टेपसाठी हेच उपकरण विकले असते, तर या मुद्द्यावर माझी तक्रार नसती.

आपल्या प्रतिनिधींच्या सांगण्यावरून मी ही टेप सहा वेळा चालवली. दर खेपेला टेप झिजते आणि कॅमेऱ्याचे टेप वाचणारे हेडही झिजते. हा कॅमेरा बिघडला तर त्याचे सुटे भाग कुठून आणायचे, हा प्रश्न मी दुरुस्तीच्या चार दुकानांत विचारून झालो आहे. ‘आणखी एकदा करून पाहा’ हा सल्ला आपल्याला फुकट पडतो, मला नाही. त्यामुळे सातव्यांदा टेप चालवण्यास मी नकार देत आहे. बदली उपकरणही मला नको, कारण फील्डचा दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पिना बदली उपकरणालाही त्याच तीन असणार.

माझी मागणी अशी आहे की, संचाचे 3,490 रुपये आणि पाल पद्धत निवडूनही वाया गेलेल्या नऊ डिस्कचे 270 रुपये, असे एकूण 3,760 रुपये हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत, आणि खोक्यावरील मिनीडीव्ही टेपसंबंधीचा दावा दुरुस्त करण्याबाबत आपला निर्णय लेखी कळवावा. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा याच कायद्यात आहे, त्यामुळे ‘वाद आमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरातच चालेल’ या आपल्या बिलामागील बारीक अक्षरांतल्या अटीचा मला अडसर वाटत नाही.

दोन्ही फाइलींतील शेवटची पाच मिनिटे, लेझीमच्या दोन्ही डिस्क आणि फ्रेमच्या आकड्यांचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. तपासणाऱ्याने आधी स्टुडिओतली फाइल पाहावी आणि मग आपल्या संचाची. जाते थांबते तो क्षण दोन्हींत लगेच सापडेल. उपकरण मूळ खोक्यात, केबलसह बांधून ठेवले आहे. आपल्या माणसाने ते घरून घेऊन जावे. कुरिअरचा खर्च मी करणार नाही.

आपला,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, एक पेन ड्राइव्ह, दोन डीव्हीडी, आपल्या तिन्ही उत्तरांच्या प्रती.