आपल्या तरुण मिशनरीची बदली

प्रिय बंधू-भगिनींनो,

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या आपल्या शाखेतून फिलिपिन्सला सेवेसाठी गेलेल्या मुलाची किनाऱ्यावरच्या गावातून बागियोला बदली झाली आहे. हे शहर सुमारे 1,500 मीटर उंचीवर, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. मुंबईच्या उकाड्यात वाढलेल्या पोराला तिथे स्वेटर, कानटोपी लागणारच. द्यायचे असेल त्यांनी रविवारी सभेनंतर त्याच्या आईकडे द्यावे, पार्सल एकच जाईल. जुन्या पत्त्यावर कृपया काही पाठवू नका.

जोडीने सेवा करणारा सोबती मिशनरी नवा, कानावर तिथली इलोकानो भाषा. सुरुवात जड जाईल, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा. 2019पासून आपल्या चर्चच्या मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. ती वेळ आईवडिलांचीच राहू द्या. आपण ईमेल लिहू, भरभरून आणि मराठीतच.

– शाखा सचिव