तुमची खोली तुमचीच आहे

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी ‘हं, आईशी बोल’ म्हणून फोन पुढे केला असता, आईने आधी ‘जेवलीस का’ विचारलं असतं, आणि मग तिकडे आलेल्या पाहुण्यांच्या बातम्यांत मूळ मुद्दा वाहून गेला असता. म्हणून लिहिते आहे. बाबा, शेवटपर्यंत वाचा. मधेच चष्मा काढून ठेवू नका.

मी एक मांजर ठेवून घेतलंय. ठेवू का, असं विचारत नाहीये. ठेवलंय.

आता लगेच सांगते: तुमच्या खोलीत ते जात नाही. पहिल्या रात्रीपासून त्या खोलीचं दार बंद आहे. पलंगावरची चादर तुम्ही गेल्यावर धुऊन घातली होती, तशीच आहे. आई, तू निवडलेले पडदेही मी धुऊन पुन्हा लावलेत. दिवाणखान्यातला गालिचा मात्र बाबांच्या दम्यासाठी काढून टाकला, कारण मांजराच्या ॲलर्जीचं खरं मूळ केस नसतात. त्याच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, ते वाळून धुळीसारखं उडतं आणि गालिच्यात, पडद्यांत, सोफ्यात महिनोन् महिने बसून राहतं. म्हणजे ‘आम्ही येऊ तेव्हा आठवडाभर कुणाकडे तरी ठेव’ हा तोडगा, जो आई आत्ता मनात मांडते आहे, त्याने काही होत नाही. खोली पहिल्यापासून वेगळी ठेवणं हाच खरा उपाय, आणि तो मी केलाय.

तिचं नाव मिंका. नाव मी ठेवलेलं नाही, खालच्या मजल्यावरच्या आजींनी ठेवलं. आई, त्याच गं, ज्यांनी तुला लोकरीचे मोजे दिले होते. जानेवारीत आमच्या इमारतीच्या तळघरात, जिथे सायकली ठेवतात तिथे, ती येऊन बसायला लागली. बाहेर बर्फ होता. आजींनी दूध ठेवलं, ते मी काढून घेतलं, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. (आई, हे तुलाही सांगून ठेवते. आपल्याकडे गच्चीवर येणाऱ्या बोक्याला बशीभर दूध देतेस ते बंद कर. पाणी ठेव.)

इथे जर्मनीत रस्त्यावरचं मांजर उचललं आणि घरी आणलं असं चालत नाही. सापडलेलं जनावर म्हणजे सापडलेल्या पाकिटासारखंच, आधी कळवावं लागतं. मी नगरपालिकेत कळवलं, प्राण्यांच्या निवाऱ्यात घेऊन गेले, तिथे मानेपाशी यंत्र फिरवून चिप आहे का ते पाहिलं. चिप नव्हती, कानात गोंदलेला क्रमांकही नव्हता. मालक शोधायला सहा महिन्यांची मुदत असते. तेवढ्यात कुणी आलं नाही तर ज्याला सापडलं त्याचा हक्क होतो. निवाऱ्यात तेव्हा जागा फार नव्हती, ‘तोपर्यंत तुमच्याकडे राहील का’ असं त्यांनीच विचारलं. मी चौकातल्या खांबांवर कागद लावले, नोंदणीच्या संकेतस्थळावर फोटो टाकला. कुणी येऊ नये असं मनातून वाटत होतं आणि कागद मात्र पावसाने भिजले की मी नवे लावत होते.

म्हणून इतके महिने तुम्हाला काही बोलले नाही. उद्या मालक दारात आला असता तर सांगून तरी काय उपयोग होता? तुम्ही उगीच बाबांच्या दम्याची काळजी करत बसला असता, आणि ती तर गेलेली असती. आता मुदत संपली, चिप बसवली, नोंद माझ्या नावावर झाली. आई, व्हिडिओ कॉलवर माझ्या मनगटावरचा ओरखडा पाहून तू काही बोलली नाहीस, तेव्हाच मला कळलं होतं की तुला काहीतरी कळलंय.

आता तुमच्या शंका. मी दोघांनाही ओळखते, त्यामुळे तुमच्या वतीने मीच विचारते.

रेबीज? २००८ पासून जर्मनी जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त आहे. इंजेक्शनं जंगलातल्या कोल्ह्यांच्या मागे धावून दिली नाहीत, लस भरलेली आमिषं विमानांतून टाकली आणि कोल्ह्यांनी ती खाल्ली. बाबा, तुम्हाला ही गोष्ट आवडेल म्हणून सांगते आहे. तरीही मिंकाला रेबीजची लस दिली आहे, कारण ती प्रवासाला लागते. त्याबद्दल पुढे.

घरमालक? लेखी परवानगी आहे. भाडेकरारात ‘कुत्रा-मांजर सरसकट बंद’ अशी छापील अट चालत नाही, असं इथल्या संघीय न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये सांगितलंय. शेजाऱ्यांना त्रास, घराचा आकार, सगळं बघून प्रत्येक वेळी ठरवायचं. पण मी कायदा दाखवायला गेलेच नाही. साधं पत्र लिहिलं, आजींची सही जोडली, आठवड्यात होकार आला.

पैसे? कुत्र्यावर इथे कर असतो, मांजरावर नाही. डॉक्टर महाग आहेत हे खरं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून जनावरांच्या डॉक्टरांचे दर वाढलेत, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी न्यावं लागलं तर उपचाराआधीच पन्नास युरोची वेगळी फी. त्यासाठी दर महिन्याला बाजूला टाकते. तुमच्याकडे पाठवते त्यात काहीही कमी होणार नाही, हे वेगळं सांगायला नकोच, तरी सांगते.

आणि आई, तू जे विचारणार नाहीस पण मावशीजवळ बोलशील, ते: मांजरापासून बाळाला धोका असतो म्हणतात. तो धोका मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या संसर्गाचा, आणि विष्ठेतला जंतू बाहेर पडल्यापडल्या लागत नाही, त्याला दिवस तरी जावा लागतो. तिच्या शी-शूसाठी माती घालून ठेवलेलं भांडं रोज साफ केलं, हात धुतले, की बराच प्रश्न सुटतो. गरोदरपणी ते काम दुसऱ्याने करायचं. मी रोज साफ करते. बाळाचं पुढचं पुढे, त्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्यांवर हे पत्र नाही.

नसबंदीही झाली. गंमत म्हणजे बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांची नसबंदी आणि ओळखीची खूण (चिप किंवा गोंदण) मालकाने करायलाच हवी, असा नियम या देशात सगळ्यात आधी आमच्या पाडरबोर्नने केला, २००८ मध्ये. नंतर कितीतरी गावांनी तो उचलला. ज्या गावाची अख्खी नदी पायी पालथी घातल्याचं बाबा अजून सगळ्यांना सांगतात (ती जेमतेम चार किलोमीटर आहे हे मात्र सांगत नाहीत), त्या गावाच्या नावावर एवढं तरी आहे. आता मिंका बाहेर जात नाही. खिडकीत बसून झऱ्यांवरची बदकं बघते आणि दात वाजवते.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी.

माझ्या लहानपणीचं, मांजराच्या पिल्लांचं ते बुटांचं खोकं तुम्ही कुठे नेऊन ठेवलंत, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. टोमणा नाही हा, खरंच नाही. त्या वर्षी तुम्ही रात्रभर उशा रचून बसून असायचात आणि मी पलीकडच्या खोलीत पांघरुणाखाली तुमचे श्वास मोजायचे. वीसपर्यंत मोजले की पुन्हा एकपासून. मधे एखादा लांबला की उठून दारापर्यंत यायचे. तुम्ही न बघता म्हणायचात, ‘मने, झोप.’ मला कळायचंच नाही की तुम्हाला कसं कळतं. त्या पिल्लांना ठेवता येणार नाही हे मला तेव्हाही पटलं होतं, फक्त मी ते बोलले नाही, आणि तुम्हीही नंतर कितीतरी दिवस शाळेतून मला न्यायला स्वतः येत राहिलात. गोळ्या-बिस्किटं आणत राहिलात. मला सगळं लक्षात आहे.

म्हणून आता मांजर ठेवताना मी सगळ्यात जास्त वेळ तुमचाच विचार केला. तुम्ही म्हणाल, ‘मग ठेवलंस कशाला?’ कारण संध्याकाळी पाचला अंधार पडणाऱ्या महिन्यांत घराचं दार उघडल्यावर आत कुणीतरी असतं. मी इथे दुःखी आहे असा याचा अर्थ काढू नका. मित्रमंडळी आहे, काम चांगलं चाललंय, शनिवारी पोहायला जाते, वजनही वाढलंय. पण घरी आल्यावर कुणाला तरी आपली वेळ ठाऊक असणं, हे वेगळं असतं. तुमच्या घरात मला त्याची सवय लागली, त्याला मी काय करू?

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती तुम्ही दोघांनी मनावर घ्यावी. बाबांना मांजराचंच वावडं आहे, हे ठरवलं कुणी? तपासणी कधी झालीच नाही. धूळ, ओल, थंड हवा, यातलं काहीही असू शकतं. मागच्या वेळी एप्रिलच्या गार वाऱ्यात दम्याचा पंप काढावा लागला तेव्हा घरात मांजर कुठे होतं? मी म्हणत नाही की मांजराने त्रास होणार नाही. होऊही शकतो. म्हणूनच बघून घ्या.

तर आता काय करायचं ते नीट ऐका. छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. त्वचेवरची किंवा रक्ताची ॲलर्जीची तपासणी करायची आहे असं स्पष्ट सांगा. त्वचेची करणार असतील तर सर्दीच्या काही गोळ्या आधी थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या आणि किती दिवस, हे डॉक्टर सांगतील, तुम्ही मनाने काही बंद करायचं नाही. रोज घ्यायचा पंप रोज घ्यायचा. दम लागला तरच घ्यायचा तो वेगळा. ‘बरं वाटतंय म्हणून सोडला’ हे गेल्या दिवाळीत ऐकलं, पुन्हा ऐकायचं नाही. पंपानंतर चूळ भरायची. आई, उदबत्ती बाल्कनीत लाव, देव रागावणार नाहीत. माळा साफ करायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. आणि तूही नाही, तुझा गुडघा काही माझ्यापासून लपलेला नाही.

तपासणीत मांजराचं निघालंच, तर तुमचं येणं रद्द होत नाही. आमच्याच रस्त्यावर पाहुण्यांना भाड्याने देतात तशी सुसज्ज घरं आहेत, स्वयंपाकघरासकट. तिथे तुम्ही राहाल आणि रोज जेवायला मीच येईन. आई, तुला लेकीच्या गावात येऊन परक्या घरात झोपायला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. मलाही आवडणार नाही. पण तेवढ्यासाठी बाबांच्या छातीशी खेळ नको.

आणि जे तुम्ही दोघंही विचारणार नाही ते: मांजर आलं म्हणजे आता ही इथलीच झाली का? मांजराने पाय बांधले जात नाहीत. भारतात न्यायचं तर चिप, लस, आरोग्याचा दाखला आणि आपल्याकडच्या प्राणी संगरोध कार्यालयाची परवानगी लागते, मुंबईत ते आहे. परत युरोपात आणायचं असेल तर रेबीजची लस लागू झाल्याची रक्ताची तपासणी निघण्याआधी इथेच करून मांजराच्या पासपोर्टवर नोंदवायची, म्हणजे परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. मी ती करून ठेवणार आहे. परत येईन असं वचन मी या पत्रात देत नाही, आणि येणार नाही असंही लिहीत नाही. दोन्ही दारं उघडी राहतील एवढं बघते आहे.

डिसेंबरमध्ये मात्र मी दरवर्षीसारखी महिनाभर राहू शकणार नाही. दोन आठवडे. आजी एवढेच दिवस मिंकाला बघू शकतात, त्यांचंही वय झालंय. हे वाचून आईचं तोंड उतरेल म्हणून अगदी शेवटाकडे लिहिलं. त्याच्या बदल्यात मेमध्ये तुम्ही इथे सहा आठवडे राहायचं, नेहमीसारखं ‘तीन पुरे’ म्हणायचं नाही.

तपासणी झाली की मला तिचा कागद पाठवा, फोटो सरळ काढा, मागच्यासारखा अंगठा मधे नको. आणि मेच्या दोन तारखा निवडून कळवा. ‘तुझ्या सोयीने बघ’ असं लिहाल तर तिकीट काढणार नाही.

तुमची,
मनू