बॉक्सचे भाडे वेगळे, बिदागी वेगळी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डीजेविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुतेक आवाजाविषयी असते, आणि ध्वनियंत्रणा भाड्याने देण्याच्या व्यवसायात असूनही त्या तक्रारींशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. मात्र या व्यवसायातील दराचा गोंधळ सहसा कोणाच्या लिहिण्यात येत नाही. तुळशीचे लग्न लागले की कराड, पाटण, वाळवा या भागांतील विशी-बाविशीतली मुले आमच्यासारख्यांच्या दुकानात येऊ लागतात. हप्त्यावर कंट्रोलर (गाणी मिसळून वाजवण्याचे यंत्र) घेतलेला असतो, मोबाइलवर पाहून पाहून हात बऱ्यापैकी बसलेला असतो, गावातल्या कोणीतरी हळदीला किंवा वाढदिवसाला वाजवायला बोलावलेले असते, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "काका, किती सांगू?" त्याचे उत्तर या मुलांइतकेच त्यांना बोलावणाऱ्या यजमानांनाही ठाऊक असावे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे की, नवख्या मुलाने ठोक आकडा सांगूच नये. यंत्रणेचे भाडे, टेम्पो, मदतनीस हा रोख खर्च एका बाजूला आणि स्वतःची बिदागी दुसऱ्या बाजूला, असा हिशेब त्याने यजमानासमोर कागदावर मांडावा. नवखा असल्यामुळे जी काही सवलत द्यावीशी वाटेल ती बिदागीतून द्यावी आणि भाड्याच्या रकमेला हात लावू देऊ नये. ठोक आकड्यात घासाघीस झाली की जे कमी होते ते नेहमी वाजवणाऱ्याचे कमी होते, कारण आम्ही भाडे सोडत नाही, टेम्पोवाला डिझेल सोडत नाही आणि बॉक्स (स्पीकरच्या पेट्या) उचलणारी पोरे संध्याकाळी हातात पैसे घेतल्याशिवाय घरी जात नाहीत.

एक उदाहरण मांडतो. आकडे गावागणिक बदलतील, पण त्यांची ठेवण बदलणार नाही. दोनशे माणसांच्या हळदीसाठी दोन टॉप (वरच्या पट्टीच्या आवाजाचे स्पीकर), दोन बेस (खालच्या जाड आवाजाचे स्पीकर), अ‍ॅम्प्लिफायर आणि मिक्सर यांचे भाडे ७,००० रुपये, टेम्पो १,५०० रुपये आणि दोन मदतनिसांचे १,४०० रुपये धरले, तर ९,९०० रुपये केवळ हातातून जाणारे आहेत. यजमान सांगतात की, शेजारच्या गावातला अमुक ९,००० रुपयांत करतो. मुलगा मान्य करतो, रात्री घरी जाताना खिशातून ९०० रुपये घालून जातो आणि तरीही आपण कमाई केली असे त्याला वाटत राहते, कारण भाड्याची बाकी आमच्या वहीत लिहिलेली असते आणि हातात मात्र रोख नोटा असतात. आमच्या वहीतली अशी थकबाकी पुढे घरातले कोणीतरी येऊन फेडते, हे मी पाहत आलो आहे.

मग तो शेजारचा ९,००० रुपयांत कसा करतो, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे बॉक्स स्वतःचे असतात, टेम्पो भावाचा असतो आणि मदतीला घरचीच मुले असतात. त्याचा खर्च नाहीसा झालेला नसतो, फक्त तो त्या दिवशी दिसत नाही. बँकेचा किंवा पतसंस्थेचा हप्ता आला की दिसतो. बॉक्स भाड्याने आणणाऱ्या मुलाने त्याच्या आकड्याशी स्वतःचा आकडा ताडून पाहणे म्हणजे कुळाने जमीनमालकाच्या हिशेबाने शेती करण्यासारखे आहे. दर विचारायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी हेच सांगतो की, दुसऱ्याचा आकडा विचारण्याआधी त्याच्या पाठीमागे काय काय फुकट उभे आहे ते विचार.

आता बिदागी. ती ठरवताना मुले वाजवण्याचे चार तास मोजतात. प्रत्यक्षात यजमानांच्या घरी जाऊन नवरीच्या एंट्रीचे गाणे, मामांच्या आवडीचे गाणे, आजीसाठी हळदीची जुनी गाणी यांची यादी घेणे, ती गाणी चांगल्या प्रतीची मिळवून क्रमाने लावणे, दुपारी चारपासून बॉक्स उतरवून केबल जोडणे, आवाज तपासणे, आणि सगळे आटोपल्यावर मंडपवाल्याची माणसे खुर्च्या गोळा करेपर्यंत थांबून सामान मोजून चढवणे, हे सगळे धरले तर बारा तासांच्या आत काम उरकत नाही. ज्या गावात कुशल गवंडी दिवसाला ८०० ते १,००० रुपये घेतो, तेथे बारा तास काम करणाऱ्या आणि स्वतःचे यंत्र घेऊन येणाऱ्या मुलाने त्याच्यापेक्षा कमी घ्यावे याला काही कारण नाही. हात खरोखर नवा असेल तर गवंड्याच्या दीड दिवसाच्या मजुरीइतकी बिदागी हा खालचा पाया धरावा, आणि लोक नाव घेऊन बोलावू लागले की तो वाढवत न्यावा.

शिवाय स्वतःच्या यंत्राची झीज असते, जी बहुतेकांच्या हिशेबात नसतेच. सुरुवातीच्या दर्जाचा कंट्रोलर आज साधारण तीस हजारांच्या घरात पडतो. लॅपटॉप, हेडफोन, केबल आणि गाण्यांसाठी जादा हार्ड डिस्क धरून सारे मिळून लाखभर रुपये होतात. ते चार वर्षे चालेल असे मानले तर वर्षाला पंचवीस हजार. वर्षाला पंचवीस कार्यक्रम मिळाले तर प्रत्येकावर हजार रुपये पडतात, दहाच मिळाले तर अडीच हजार. पहिल्या वर्षी कार्यक्रम कमीच मिळणार असल्यामुळे ही झीज पूर्णपणे यजमानांवर टाकता येत नाही, हे मला मान्य आहे. पण हजार रुपये तरी धरावेत आणि ते खर्चाच्या बाजूला लिहावेत, बिदागीच्या नव्हे. वरच्या उदाहरणात ते मिळवले की खर्च १०,९०० रुपये होतो, त्यावर दीड हजार बिदागी, म्हणजे १२,४०० रुपये. यजमानांना हा आकडा ९,००० रुपयांच्या शेजारी मोठा दिसेल. त्यांना तो परवडत नसेल तर मुलाने दोन बेस कमी करण्याची तयारी दाखवावी. सामान कमी करून दर खाली आणणे आणि तेच सामान स्वस्तात देणे यांत मोठा फरक आहे.

येथे मला आवाजाच्या मुद्द्याकडे यावे लागते, कारण दर आणि आवाज यांचे नाते लोकांना वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. आमच्या भागात ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात त्याचा दर "किती बेस, किती टॉप" यावर ठरतो. बॉक्सच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर मुलगा बॉक्सच वाढवणार आणि आणलेले बॉक्स वाजवून दाखवणार, कारण यजमानांनी पैसे त्याचेच मोजलेले असतात. वास्तविक अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे भाडे दुप्पट मोजूनही यजमानांच्या पदरात थोडीच भर पडते. त्यातच ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून किंवा एकूण ७५ डेसिबलहून, यांपैकी जे कमी असेल त्याहून, अधिक असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजीच्या निकालात मर्यादा ओलांडणारी यंत्रणा जप्त करण्याची तरतूद राज्यांनी करावी असे सांगितले. वाजवताच येणार नाहीत अशा बॉक्ससाठी पैसे मोजायचे आणि जप्तीची वेळ आली की वाजवणारा पोरगा पोलीस ठाण्यात उभा राहायचा, असा हा व्यवहार आहे. माणसाच्या कौशल्याची किंमत वेगळी मोजली जाऊ लागली तर बॉक्सची भिंत उभी करण्याचे एक कारण तरी कमी होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दर सांगण्यापूर्वी तारीख विचारणे हेही मुले विसरतात. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी एकाच गावात चार लग्ने असतात. त्या दिवशी आमच्याकडचे सामान सगळ्यांनाच हवे असते, आणि आम्हीही (लपवून काय उपयोग) भाडे वाढवतो. मार्गशीर्षातल्या एखाद्या रिकाम्या दिवसाचा दर वैशाखातल्या मुहूर्ताला सांगून बसलेला मुलगा नंतर माझ्यासमोर डोक्याला हात लावतो. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन सुपारी ठरवतात, तेव्हा यात्रेची तिथी पाहूनच आकडा बोलला जातो. ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात तिचा दर निराळा असतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तमाशाच्या फडाने जे रीतसर ठरवून ठेवले आहे ते डीजेने ठरवायला लाजू नये.

विसाराविषयी फार लिहीत नाही. यंत्रणेच्या भाड्याइतकी रक्कम तारीख ठरते त्याच दिवशी घ्यावी आणि उरलेली पहिले गाणे लागण्यापूर्वी घ्यावी. वरात दारात पोचल्यावर पैसे मागणाऱ्याला "उद्या ये" याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. मात्र जादा वेळेचा मुद्दा लिहून ठेवावा. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत जी सवलत देऊ शकते ती सणा-उत्सवांसाठी असते, एरवीच्या हळदीला तिचा उपयोग नाही. त्यामुळे "अजून अर्धा तास, तुला हजार जास्त देतो" या बोलण्यावर दर ठरवायचा नसतो; तेथे नकारच द्यायचा असतो, आणि तो देणे सोपे जावे म्हणून समाप्तीची वेळ पावतीवर आधीच छापलेली असावी.

"यावेळी फुकट वाजव, तुझे नाव होईल" हे सांगणारे बहुधा नात्यातले असतात, म्हणून त्यांना सरळ नाही म्हणता येत नाही. चुलतबहिणीच्या हळदीला पैसे मागावेत असे मीही सांगणार नाही. पण तेथेही भाडे आणि टेम्पो चुलत्यांनी द्यावा आणि मुलाने आपल्या बिदागीचा आहेर करावा. असे केल्याने नाते राखले जाते आणि मुलाचे आईवडील कर्जात पडत नाहीत. नात्याबाहेरच्या माणसाने नाव होण्याचे आमिष दाखवले तर मात्र लक्षात ठेवावे की, त्या कार्यक्रमातून जी पुढची बोलावणी येतात ती "त्याने तिथे फुकट वाजवले होते" हे ऐकूनच येतात. पुण्या-मुंबईच्या पबमध्ये यंत्रणा जागेचीच असते आणि नवख्याला गर्दी जमण्यापूर्वीची वेळ मिळते. तेथे खर्च प्रवासापुरता असल्याने एखाद-दुसऱ्या वेळी कमी बिदागीत वाजवणे समजू शकते. तो न्याय गावच्या हळदीला लावता येत नाही.

गाणी वाजवण्याच्या परवान्यांबद्दल मुलांच्या मनात भीती जास्त आणि माहिती कमी असते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधीच्या ओघात गाणी वाजवल्यास ते उल्लंघन ठरत नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ यांचा समावेश आहे. गोवा सरकारने याच विषयावर जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले, तरी कायद्यातले कलम होते तसे आहे. हॉटेलातील ३१ डिसेंबरची पार्टी किंवा कंपनीचा स्नेहमेळावा यांना ही सूट लागू नाही. तेथे परवान्याचे शुल्क आयोजकाने भरायचे की डीजेने, हे दर सांगण्याआधीच लिहून घ्यावे, कारण ती रक्कम नवख्याच्या बिदागीपेक्षा सहज मोठी असू शकते. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या मुलाने त्या धास्तीने दर वाढवण्याची गरज नाही. साधी क्रमांक घातलेली पावती पुरे.

मंगल कार्यालयांच्या चालकांना आपल्या वर्तमानपत्रातून एक विनंती करावीशी वाटते. कार्यालयाच्या आरक्षणाच्या पावतीवर जेवणाची ताटे, भांडी, सफाई यांचे नियम बारीक टाइपात छापलेले असतात. त्यातच उघड्यावरचे संगीत किती वाजता बंद होईल, वीजजोड किती क्षमतेचा मिळेल आणि जनरेटर कार्यालयाचा की बाहेरचा, या तीन ओळी छापाव्यात. यजमान ती पावती घेऊन डीजेकडे गेले तर नवख्या मुलाला जनरेटरचे भाडे धरायचे की नाही ते आधीच कळेल आणि त्याचा आकडा कार्यक्रमाच्या दिवशी बदलणार नाही.

आपला,
ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा एक व्यावसायिक,
कराड, जि. सातारा