आधी तरतूद, मग खर्च

लेस्टर, 14 जुलै 2024

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पंतप्रधान ऋषी सुनक हरले, सरकार गेलं, तू एवढं काय मनाला लावून घेतेस?" तेव्हा पोरांच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सुनक यांचा, आणि माझाही, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष या निवडणुकीत 365 जागांवरून 121 वर आला. आमच्या लेस्टर ईस्ट मतदारसंघात मात्र आमच्या शिवानी राजा यांनी विरोधी लेबर पक्षाची जागा घेतली. पक्षाने नव्याने जिंकलेली ती देशातली एकमेव जागा. लेबरचे दोन जुने खासदार वेगळे उभे राहिले, मतं फुटली, हेही खरं. आई, आपला पासपोर्ट भारतीय असला तरी कॉमनवेल्थचे म्हणून इथे मत देता येतं. मशीन नाही, कागदावर पेन्सिलीने फुली मारायची.

सरकारने खर्चात हात आखडता घेतला म्हणून लोकांनी कॉन्झर्व्हेटिव्हांना घालवलं, असं इथे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कोविडमध्ये लोक घरी बसले तेव्हा सरकारने त्यांच्या पगारासाठी सुमारे 70 अब्ज पौंड दिले. ते द्यायलाच हवे होते. पण संकट ओसरल्यावर हिशेब जुळवायचा असतो, तो कुणी जुळवला नाही. 23 सप्टेंबर 2022 ला याच पक्षाच्या तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने 45 अब्जांची करकपात जाहीर केली, आणि तेवढी तूट भरून कशी काढणार ते सांगितलंच नाही. पौंड कोसळला, सरकारी रोख्यांचे व्याजदर भडकले, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. आमच्या गृहकर्जाची मुदत नेमकी त्याच हिवाळ्यात संपली. पावणेदोन टक्क्यांचं कर्ज सव्वापाचवर गेलं, आणि नवा हप्ता बघून आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसलो होतो. अशी किती घरं असतील! या निवडणुकीत ट्रस बाईंची स्वतःची जागाही 630 मतांनी गेली.

झेडपीत तुमच्या टेबलावर फाइल आली की तुम्ही आधी विचारायचात, "कुठल्या लेखाशीर्षाखाली? तरतूद आहे का?" सभापतींची फाइलसुद्धा तुम्ही परत पाठवलेली मला आठवते. मी या पक्षाकडे वळले ती त्याच शिस्तीसाठी. ती त्यांनी सोडली, म्हणून ते हरले, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही म्हणालात, "तुझं बाळंतपण सरकारी दवाखान्यात फुकट झालं ना?" झालं, आणि फार चांगलं झालं. त्या नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच काळजी वाटते, बाबा. या देशाच्या सरकारी कर्जाचं नुसतं व्याज वर्षाला 100 अब्ज पौंडांच्या वर जातंय, संरक्षणावरच्या खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. त्या पैशातून एक नर्स नेमता येत नाही, की एक खाट वाढत नाही.

आता पक्षाचा नवा नेता निवडायचा आहे. मी सभासद आहे, मला मत आहे. कर कमी करू असं सगळेच म्हणतील. कुठला खर्च कमी करणार ते जो आकड्यांनिशी सांगेल, त्यालाच मी मत देणार.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस. बाबा, तुमचं म्हणणं सविस्तर लिहा, फोनवर नको.

तुमची,
लेक