नावं न घेता, पण मनापासून

पक्की नोकरी सोडून पुस्तकबांधणी शिकायला लागले, तेव्हा बहुतेकांनी एकतर समजूत घातली, नाहीतर ‘छान, छान’ म्हणून विषय बदलला. तुम्ही दोन्ही केलं नाहीत.

तुमच्यातल्या एकीने माझी पहिली वही उघडून पाहिली आणि सरळ सांगितलं, “पानं नीट उघडत नाहीत. कागदाचे तंतू वहीच्या पाठीला समांतर हवेत, तू आडवे घेतलेस. पुठ्ठाही त्यानेच वाकलाय.” मग शेजारी बसून कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून दाखवला. घडी जिकडे सहज पडते, तंतू तिला समांतर. त्या दिवशी रडू आलं होतं, खरं सांगते. पण खोटं कौतुक झालं असतं, तर आजही वाकड्या वह्याच बांधत बसले असते.

दुसऱ्या एकाने मला माझे साठवलेले पैसे किती महिने पुरतील ते लिहून काढायला लावलं आणि लिहून होईपर्यंत फोन ठेवला नाही.

आणि दर आठवड्याला फक्त ‘काय बांधलंस?’ एवढंच विचारणाऱ्यांनो, तुमचे आभार कसे मानू?

परवा एक मुलगी असाच काहीसा निर्णय घेऊन भेटायला आली. तिच्या हातात मी ती पहिली, वाकलेली वही ठेवली.